वाकडी उभी राहणारी मोनाली

जोया: डोळे मोठे आहेत का बारीक?

सोमारी: मोठे.

जोया: असे?

सोमारी: हो बाई, असेच.

जोया: की असे? जरा बारीक, कोपऱ्यात खाली उतरलेले?

सोमारी: हो बाई. असेच.

जोया: ताई, आत्ताच तर तुम्ही मोठे म्हणालात.

सोमारी: तुमी जसे काढसान तसे.

बाबूभाई: जोया, पावणेतीन झाले. चार वाजता लाइट जाईल, मग झेरॉक्सची मशीन म्हणजे नुसता डब्बा. आणि सव्वापाचची पॅसेंजर काही बाबूभाईच्या दुकानासाठी थांबत नाही.

जोया: माहीत आहे, अब्बा.

बाबूभाई: माहीत आहे तर हात चालव ना बेटा. या बाईची पोरगी हरवली त्याला आज चौथा दिवस. हिचा नवरा मुखरू तिकडे कागजनगरपासून एकेक स्टेशन पायी पाहत चालला. त्याच्या हातात दाखवायला काय आहे? काही नाही.

सोमारी: तोंडानं सांगून राह्यला असंल तो. पोट्टी पाह्यली का, पोट्टी पाह्यली का. त्याले तेलगूबी येत नाई.

जोया: एकही फोटो नाही का तिचा? अंगणवाडीत, शाळेत?

सोमारी: नाई. एक डाव गावात फोटोवाला आलता, सरपंचाच्या घरी लगन होतं. मोनाली उभी होती तिथी. पन फोटोत तिचा हातच आला खाली. अन् चैतूचा पाय.

जोया: चैतू म्हणजे हा? हा कडेवरचा?

सोमारी: हो. याचा पाय अन् तिचा हात. लय खेपा पाह्यलो तो फोटो. सरपंचाच्या भिंतीवर हाय.

बाबूभाई: तू काढ, बेटा. दोन रिबिनी घाल, थोडं हसू दे. गोड पोरगी दिसली की माणूस थांबतो, पाहतो. चाळीस वर्षं बोर्ड रंगवतो मी. दवाखान्याच्या बोर्डावर रडणारं बाळ काढलं असतं, तर पेशंट आले असते का?

जोया: हे बघा ताई. असा चेहरा, हे केस. बरोबर आहे?

सोमारी: लय सुंदर काढल्या बाई तुमी.

जोया: सुंदर नको. मोनालीसारखी आहे का?

सोमारी: हो. मोनालीच हाय.

जोया: हनुवटीवर तीळ आहे ना? हा इथे?

सोमारी: हो.

जोया: डाव्या बाजूला?

सोमारी: हो बाई, डाव्या.

जोया: तो तीळ मी मनाने काढला, ताई. तुम्ही तीळ आहे असं सांगितलंच नव्हतं.

बाबूभाई: जोया! ये क्या तरीका है? रडत आलेल्या आईची परीक्षा घेतेस?

जोया: तिची नाही, माझ्या चित्राची घेतली. नापास झालं. कान हत्तीएवढे काढले तरी त्या हो म्हणतील, अब्बा. तिकडे वरंगलला कोणी तीळवाली पोरगी शोधत बसेल, आणि मोनाली त्याच्या शेजारून निघून जाईल.

सोमारी: नका रागावू बाई.

जोया: मी तुमच्यावर नाही रागावत. पण तुम्ही नाही का म्हणत नाही?

सोमारी: लिवनाऱ्याले नाई म्हणाले भेव वाटते.

जोया: कशाचं?

सोमारी: तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं मोजून घेतेत तिथी, एक डाव म्हटलो, भाऊ, माहे सत्तर पुडे झाले, तुमी साठ लिवले. त्यानं कार्डच फाडून फेकला. त्या साली दुसऱ्या कोनीच घेतला नाई माहा पत्ता. तवापासून ज्याच्या हातात पेन, त्याले हो म्हणतो मी. आमच्या गावात सबन बायाई तसंच करतेत.

बाबूभाई: म्हणजे हरवल्याची खबर लिहिली तिथेही...

सोमारी: मिरची तोडाले नेनाऱ्या ठेकेदाराचा मुनीम होता संगं. तोच बोलला. पोट्टी आठ वर्साची, लाल फ्राक. म्या मुंडकं हलवलो.

जोया: आणि फ्रॉक कोणता होता?

सोमारी: हिरवा. सायबाच्या पोट्टीचा जुना. पाठीवरचे बटन तुटले होते, म्हणून पिन लावलो.

बाबूभाई: या अल्लाह.

जोया: अब्बा, तो खोडरबर द्या.

बाबूभाई: अगं, पुसू नको! एवढं काढलंस, त्याच्यातच दुरुस्ती कर. तीन वाजायला आले.

जोया: दुरुस्ती होत नाही याची. अब्बा, नीट पाहा ना. कोण आहे ही?

बाबूभाई: कोण म्हणजे? पोरगी आहे.

जोया: भिंतीवरची पोरगी आहे ही. अठ्ठावीस अंगणवाड्या रंगवल्या मी दोन वर्षांत. सगळीकडे हीच. फुगलेले गाल, दोन रिबिनी, हातात सफरचंद.

बाबूभाई: साहेबांनी सांगितलं होतं सफरचंद.

जोया: कोरचीच्या पलीकडे, त्या जंगलात सफरचंद, अब्बा! तिथल्या एका पोरीनं मला विचारलं, बाई, हा टमाटर एवढा गोल काऊन? तेव्हा मी हसले. आज हसू येत नाही. सोमारीताई मोनालीबद्दल बोलत होत्या आणि माझा हात त्या भिंतीवरच्या पोरीला काढत होता. हाताला दुसरं मूल येतच नाही आता.

बाबूभाई: मग बी.एस्सी. कशाला केलं? तीन वर्षं बेडूक काढत होतीस, सगळ्या कॉलेजच्या वह्या तूच भरत होतीस.

जोया: बेडूक समोर असायचा. एकदा माझ्या बेडकाचं काळीज कापताना फाटलं, तर मी गाइडमधलं काढून दिलं. मॅडमनी पानच फाडलं. म्हणाल्या, जे समोर आहे ते काढ, जे माहीत आहे ते काढू नको. आज समोर काहीच नाही, अब्बा. पोरगी नाही, फोटो नाही. फक्त या ताई आहेत.

सोमारी: मी का करू, बाई? तुमी सांगा, मी करतो.

जोया: ताई, मला तुमच्या तोंडून नको. उभ्या राहा.

सोमारी: कुठी?

जोया: इथे, दारात, उजेडात. तुम्ही आता मोनाली आहात. घरी, अंगणात. ती कशी उभी राहते ते करून दाखवा.

सोमारी: मले लाज वाटते, भाऊंच्या समोर.

बाबूभाई: मी पाठ करतो. हे पाहा, केली. मशीन गरम करतो तवर. पण लवकर, माझी बाई, लवकर.

जोया: हात कुठे असतात तिचे?

सोमारी: हात कुठले मोकळे राह्यतेत. चैतू राह्यते तिच्यापाशी. मी रानात जातो, मोहाले, सरपनाले, तवा तिच्यापाशीच राह्यते दिवसभर. झोपला तरी खाली ठेवत नाई.

जोया: मग घ्या चैतूला. तिच्यासारखं घ्या.

(सोमारी मुलाला डाव्या कडेवर घेते. तिची कमर डावीकडे बाहेर येते, उजवा खांदा खाली जातो. मग ती मुलाला जमिनीवर ठेवते, पण कमर आणि खांदा तसेच राहतात.)

जोया: थांबा. हलू नका. तुम्ही त्याला खाली ठेवलंत, तरी अशाच का उभ्या?

सोमारी: ती अशीच उभी राह्यते, बाई. याले ठेवलं तरी वाकडीच. भात खाते तवाई वाकडी, नळावर वाकडी. मी वरडतो तिच्यावर, सरळ उभी राय वो, कमर जाईल तुही. दोन घटका राह्यते सरळ, मंग पुन्हा तशीच.

जोया: अब्बा, वळा. पाहा.

बाबूभाई: पाहिलं. चेहरा न पाहताही ओळखेल कोणी.

जोया: डावा पाय पुढे का सारखा?

सोमारी: सारखा. बोटं आत वळलेले.

जोया: मी उभी काढते, अख्खी. चेहरा लहान येईल. हिरवा रंग झेरॉक्सवर येणार नाही, तो लिहावा लागेल. पिन काढू का?

सोमारी: पिन पाठीवर हाय. समोरून दिसत नाई.

जोया: मग नाही काढत. डावा हात?

सोमारी: असा. याच्या ढुंगनाखाली राह्यते ना. रिकामा असला तरी अर्धा वर.

बाबूभाई: सव्वातीन.

जोया: ताई, वय मी विचारत नाही, दात सांगा. खालचे दोन पडलेत?

सोमारी: पडले. दिवाळीच्या मांगं.

जोया: नवे आले?

सोमारी: एक आला, अर्धा. अन् वरचा एक हालते. ती जिभेनं हालवत राह्यते दिवसभर. म्या म्हटलो, मिरचीवर पोहोचलो की दोऱ्यानं काढून देतो.

जोया: म्हणजे सहा वर्षांची. आठची नाही.

बाबूभाई: त्या मुनीमनं तिला मजुरात धरलं असेल. म्हणून आठ.

सोमारी: वरचा दात काढल्या का तुमी?

जोया: काढू का?

सोमारी: मले मालूम नाई. चार दिस झाले. पडलाई असंल. कोनापाशी पडला असंल, बाई? कुठी फेकला असंल तिनं?

जोया: ताई. ताई, इकडे पाहा. मलाही माहीत नाही, म्हणून तो मी काढत नाही. ओठाच्या सावलीत ठेवते. असला तरी चालेल, नसला तरी चालेल. ठीक?

सोमारी: हो.

जोया: हे हो खरं आहे का?

सोमारी: हो. हा खराच हो.

बाबूभाई: बेटा, तू पेन्सिलनं छाया करू नको हां, झेरॉक्समध्ये काळा डाग होईल. मागे त्या मास्तरच्या श्रद्धांजलीत दाढीच आली होती सगळ्या गालावर. त्याची बायको दुकानात भांडायला आली.

जोया: छाया नाही, ठिपके देते. बेडकाला द्यायचे तसे. तोंड असं, मिटलेलं?

सोमारी: नाई.

बाबूभाई: आली! पहिली नाई आली!

सोमारी: तोंड मिटलेलं नाई. उघडं राह्यते. याचं वजन होते ना, दम लागते तिले. झोपेतई उघडंच.

जोया: आणि रडते तेव्हा?

सोमारी: रडत नाई ती. म्या रडूच देत नाई. ती रडली का हा रडते, मंग दोघं बी चूप होत नाई. म्हणून मी तिलेच मारतो आधी. तिलेच मारत आलो.

बाबूभाई: सगळेच मारतात, बाई. मी या जोयाला रंगाचा डबा सांडला म्हणून पट्टीनं मारलं होतं. आज पाहा, माझ्यावरच हुकूम चालवते.

जोया: अब्बा, तेलगूत मजकूर तुम्ही लिहाल ना? सिरोंच्याच्या व्यापाऱ्यांचे बोर्ड तुम्हीच करता.

बाबूभाई: लिहितो की. तेलगूत, हिंदीत. मोनाली, वय सहा, हिरवा फ्रॉक, पाठीवर पिन. बल्लारशा स्टेशनवर हरवली, फेब्रुवारी आठ, सन दोन हजार सहा. खाली दुकानाचा फोन. आणखी काय?

जोया: ताई, हरवली तेव्हा नेमकं काय झालं? सगळं सांगा. चित्रासाठी नाही, खालच्या ओळीसाठी.

सोमारी: गाडी आली. लय गर्दी. आमचे बावीस मानसं होते मिरचीवाले. मुखरू गठुडं घेऊन चढला. मोनालीच्या कडेवर हा होता. तिले चढता येत नव्हतं त्याले घेऊन. म्हणून म्या...

जोया: बोला.

सोमारी: म्या चैतूले वढून घेतलो तिच्यापासून. म्हटलो, दे इकडं, तू हा गंज धर अन् माह्या मांगं ये. भात रांधाचा आलमिनचा गंज दिलो हातात. मी चढलो. मांगं पाह्यलो तर नाई.

बाबूभाई: गाडी सुटली?

सोमारी: सुटली. मंग पुढच्या टेसनावर उतरलो, वापस आलो. पलाटावर बाकाखाली गंज सापडला. गंज भेटला, पोट्टी नाई भेटली.

जोया: म्हणजे ती चढली की नाही, हेच माहीत नाही.

सोमारी: कोनी म्हणते मांगच्या डब्यात चढतानी पाह्यली. कोनी म्हणते पुलावर. रोज असते ना चैतू तिच्याजवळ, बाई. त्या दिवशी असता तर मी याच्यासाठी तरी मांगं पाह्यलो असतो. एका घडीसाठी घेतलो मी याले. एका घडीसाठी तिची कड रिकामी केलो.

बाबूभाई: पाणी प्या, बाई. जोया, पाणी दे.

जोया: अब्बा, तुम्ही द्या, हातात निब आहे. ताई, पाणी प्या आणि मला एक सांगा. गंज तिनं टाकला. म्हणजे हात दोन्ही मोकळे. मोकळे हात असले की ती काय करते?

सोमारी: मोकळे कधी राह्यलेच नाई तिचे.

जोया: आठवा. एखादा दिवस. चैतू तुमच्यापाशी होता आणि ती मोकळी होती.

सोमारी: धानोऱ्याच्या बाजारात गेलतो एक डाव. चैतूले ताप होता, मी घेतलो होतो. तवा ती... एका बांगडीवालीचं पोरगं बसलं होतं खाली, रडून राह्यलं होतं. हिनं जाऊन उचललं त्याले, कडेवर घेतलं. बांगडीवाली हासली, म्हणे, घेऊनच जाय. रस्त्यानंबी तसंच. कोनाचं बी लेकरू दिसलं का उचलते.

जोया: कोणाचंही?

सोमारी: कोनाचं बी. मले वाटते कड दुखते तिची रिकामी असली का.

जोया: अब्बा, लिहा. मोठ्या अक्षरात, सगळ्यात वर. एकट्या मुलीला शोधू नका. दुसऱ्यांच्या तान्ह्या लेकरांजवळ पाहा. तिच्या कडेवर कोणाचं तरी मूल असेल.

बाबूभाई: बेटा... हे तर मी चाळीस वर्षांत कुठल्याच कागदावर लिहिलं नाही. लोक तिला दुसऱ्याची पोरगी समजून पुढे जात असतील. त्या लेकराची बहीण समजून.

जोया: म्हणूनच कोणाला सापडली नाही. चार दिवस सगळे रडणारी, एकटी पोरगी शोधतायत.

बाबूभाई: लिहितो. तेलगूत वर हेच. पावणेचार झाले, हां.

जोया: मग चित्रात कडेवर मूल दाखवू का? अब्बा, तुम्हाला काय वाटतं?

बाबूभाई: मला विचारतेस? मी तर हसरी काढायला सांगत होतो.

जोया: खरंच विचारते.

बाबूभाई: नको दाखवू. मूल काढलं तर लोक त्या मुलालाच शोधतील. जागा रिकामी ठेव. हात अर्धा वर, कमर बाहेर, आणि तिथे कोणी नाही. जो पाहील तो म्हणेल, इथं काहीतरी राहिलं. मग वाचेल.

जोया: झालं. फक्त बोटं... उजवीकडचा हा खांदा अजून खाली. बस. ताई, या. पाहा. मी काही विचारणार नाही.

(सोमारी चित्रातल्या कमरेवर बोट टेकवते.)

बाबूभाई: आवडलं का, बाई? काही चुकलं असेल तर सांगा. आता तुम्हाला नाही म्हणता येतं.

सोमारी: सरळ उभी राय ना वो, मोनाली. किती डाव सांगू तुले. कमर जाईल.

बाबूभाई: काय म्हणतात त्या?

जोया: काही नाही, अब्बा. मशीन चालू करा.

बाबूभाई: काच पुसली. लाव सरळ. अगं, थोडं डावीकडे, फोन नंबर कापला जाईल. हां. एक. ठिपका ठिपका आला, बेटा, एकही डाग नाही! दोन... बाई, एक तुमच्या हातात ठेवा. शंभर काढतो. कागजनगरला वीस, काजीपेटला तीस...

जोया: वरंगलच्या मिरची बाजारात जास्त द्या. तिथे मजुरांच्या बाया लेकरं झाडाखाली ठेवून पालांत मिरच्या निवडत बसतात. झाडांना चिकटवा, ताई. खाली, लेकरांच्या उंचीवर. पोरं जास्त ओळखतात.

सोमारी: झाडाले. खाली. हो.

जोया: आणि मुनीम मध्ये बोलला तर?

सोमारी: तर म्हणीन, तू चूप राय. मी तिची माय होय.

बाबूभाई: शाब्बास. चौतीस, पस्तीस, छत्... गेली. गेली ना! अजून पाच मिनिटं होती चारला!

जोया: किती झाल्या?

बाबूभाई: छत्तीस. छत्तिसावी अर्धीच आहे, फक्त पाय. बाजूच्या जनरेटरवाल्याला विचारू का?

जोया: तो गावाला गेलाय. मी मूळ चित्र घेते आणि हाताने काढत बसते, उद्याच्या गाडीनं पाठवू. आज पस्तीस. ताई, या पस्तीस आधी लावा.

सोमारी: अर्धवाला बी द्या.

बाबूभाई: त्याच्यावर चेहरा नाही, बाई. लिहिलेलंही अर्धंच आहे.

सोमारी: द्या, भाऊ. पाय तिचेच हाय. बोटं आत वळले.

बाबूभाई: घ्या. चला, मी तुम्हाला पलाटापर्यंत सायकलवर सोडतो, चैतूला पुढे बसवू. आणा ते कागद, मधून घडी घालतो म्हणजे पिशवीत बरोबर मावतील.

सोमारी: मधून नका, भाऊ.

बाबूभाई: का?

सोमारी: कमरेवर येते.